मनं बदलेपर्यंत थांबायचं कुणी?

‘कायद्यानं मनं बदलत नाहीत.’ विषमतेवरचा परिसंवाद असो, व्याख्यानमालेतलं भाषण असो की शाळेतलं संस्कार शिबिर, हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि त्याला टाळ्याही पडतात. पुढची मांडणी साधारण अशी असते : कायदे झाले, आरक्षण झालं, योजना तर उदंड झाल्या, तरी माणूस माणसाला माणूस म्हणून वागवत नाही, तेव्हा खरी गरज आहे ती संवेदनशीलतेची. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला मुलांना शिकवा, त्याचं दुःख आपलं वाटू लागलं की भेदाच्या भिंती आपसूक पडतील. ही मांडणी मला मुळातूनच चुकीची वाटते. ती करणारे बहुतेक लोक सज्जन असतात आणि त्यांचा कळवळा खरा असतो, हे मान्य करूनच हा प्रतिवाद आहे.

हे वाक्य आजचं नाही. 1891 मध्ये संमतिवयाचं बिल आलं तेव्हा महाराष्ट्रात त्यावरून केवढं रण माजलं! शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय 10 वरून 12 वर न्यायचं, एवढीच त्या कायद्याची झेप. विवाहित मुलींनाही ते लागू होणार होतं, हे वादाचं मूळ. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती, ते प्रकरण ताजं होतं. लोकमान्य टिळकांनी बिलाला विरोध केला. सुधारणा लोकशिक्षणातून, समाजाच्या आतून व्हावी, परक्या सरकारनं ती लादू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आगरकर उलट बाजूला उभे राहिले. टिळकांच्या युक्तिवादात परक्या सत्तेचा मुद्दा होता आणि तो वजनदार होता. आजच्या वक्त्यांपाशी तोही नाही. पण लोकशिक्षण पुरं होईपर्यंतची वर्षं कुणाच्या आयुष्यातून वजा होणार होती? ज्याला काही सोसावं लागत नाही त्याच्यापाशी मनं बदलण्याची वाट पाहायला वेळच वेळ असतो. सासरी पाठवलेल्या दहा वर्षांच्या मुलीपाशी तो नव्हता.

या मांडणीच्या पोटात एक गृहीतक आहे : विषमता टिकते ती लोकांना कळत नाही म्हणून, वाटत नाही म्हणून. आपल्याच घरात डोकावलं तरी हे खरं ठरत नाही. सकाळी धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींबद्दल आपल्या घरांत पुष्कळ माया असते. त्यांच्या मुलीच्या दहावीच्या क्लासची फी भरली जाते, ताप आला तर घरच्या डॉक्टरांकडे नेलं जातं, दिवाळीला साडी आणि फराळाचा डबा जातो. ‘त्या आमच्या घरच्याच आहेत’ असं म्हणणाऱ्या काकू खोटं बोलत नसतात. पण याच मावशी एक दिवस म्हणाल्या, की ताई, महिन्याला चार सुट्ट्या पाहिजेत, खाड्याचे पैसे कापायचे नाहीत, आणि काम बंद करायचं तर महिनाभर आधी सांगा, की त्याच ओट्यापाशी हवा पालटते. ‘एवढं सगळं केलं आम्ही यांच्यासाठी, आणि आता हिशेब काढतात!’ माया आटलेली नसते. तीच माया आता हक्काच्या विरोधातला पुरावा म्हणून पुढे केली जाते : साडी दिली, फी भरली, मग आणखी रजा कशाला? मायेनं किती द्यायचं, केव्हा द्यायचं हे देणारा ठरवतो आणि घेणाऱ्यानं उपकार मानायचे असतात. रजेला उपकार मानावे लागत नाहीत, म्हणून ती डोळ्यांत खुपते.

1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, हक्काची रजा अशा साध्या गोष्टींसाठी त्यांना रस्त्यावर यावं लागलं. ज्या घरांत त्या राबत होत्या ती घरं निर्दय नव्हती. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणारी, मुलांना ते पुस्तक वाढदिवसाला भेट देणारी घरं होती ती. त्या घरांत संवेदना कमी नव्हती, पण तिनं पगार वाढवला नाही. तो संपानं वाढवला.

मुंबईचं उदाहरण त्यामानानं अलीकडचं आहे. मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून चालत मुंबईत आले. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी त्यांत मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रं सगळीकडे फिरली. मुंबईकर पाणी, बिस्किटं, वडापाव, चपला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हे मनापासून झालं आणि त्यात कमीपणा आणण्यासारखं काही नाही. पण त्या मोर्चाची मुख्य मागणी काय होती, हे चप्पल देणाऱ्या किती जणांना सांगता आलं असतं? 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचे दावे मंजूर करा, सातबाऱ्यावर आमचं नाव लावा, ही. सरकारनं लेखी आश्वासन दिलं, मोर्चा परतला. फेब्रुवारी 2019 मध्ये तेच लोक पुन्हा निघाले, कारण आश्वासनं पुरी झाली नव्हती. मार्च 2023 मध्ये पुन्हा निघाले. तोवर तळव्यांची छायाचित्रं जुनी झाली होती. शहराचा कळवळा पायांपाशी पोचला, सातबाऱ्यापर्यंत गेला नाही.

2018 च्या मोर्चातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोर्चा मुंबईत पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची वाट अडू नये म्हणून दिवसभर चालून आलेले ते शेतकरी सोमय्या मैदानावर रात्र न काढता रातोरात आझाद मैदानापर्यंत चालत गेले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं याहून वेगळं काय असतं? संवेदनशीलतेचे वर्ग कुणासाठी भरवायचे याचा विचार करणाऱ्यांनी ती रात्र ध्यानात ठेवावी. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना दुसऱ्याचं मन ओळखावंच लागतं, मालकाचं, मुकादमाचं, तलाठ्याचं. तो गुण त्यांच्यात भरपूर असूनही त्यांची जमीन त्यांच्या नावावर होत नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो, म्हणून तो सविस्तर पाहू. सीताराम केशव बोल्यांच्या ठरावानं 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलनं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी 1927 पर्यंत एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आलं नाही. ‘बघा, ठराव होऊनही मनं बदलली नव्हती, म्हणून काही झालं नाही’, असं यावर म्हटलं जातं. म्हणणं अर्धंच खरं आहे. मग तळं खुलं कशानं झालं? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांमागोमाग हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, पाणी प्यायली आणि त्यासाठी गावगुंडांच्या लाठ्या खाल्ल्या. गावातल्या सनातन्यांची मनं बदलली का? त्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. कागदावरच्या ठरावाला पाय लागले, पायांना कोर्ट मिळालं, तेव्हा तळं मोकळं झालं. मनं बदलली असतील तर त्यानंतर, पुढच्या पिढीत. तळ्यावर शेजारी पाणी भरणारा माणूस रोज दिसू लागला की विटाळाची कल्पना टिकवणं अवघड होत जातं. म्हणजे क्रम उलटा आहे : आधी व्यवहार बदलतो, मग मन त्याच्याशी जुळवून घेतं.

महाडमध्ये सवर्णांतलेही काही लोक या लढ्यात होते. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस होते, महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेची खटपट करणारे अनंतराव चित्रे होते, डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. संवेदनेचं योग्य स्थान कोणतं असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी या तिघांकडे बोट दाखवेन. अस्पृश्यांचं दुःख आपल्याला किती जाणवतं हे सांगायला ते उभे राहिले नाहीत. लढा ज्यांचा होता त्यांच्या हाती ठेवून त्यांनी आपलं पद, आपली प्रतिष्ठा आणि आपल्या जातीतलं स्थान त्या लढ्याच्या कामी लावलं.

याच्या उलट वाटेनं काय होतं ते पाच वर्षांनी दिसलं. पुणे करारानंतर 1932 च्या सप्टेंबरात अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. 14 नोव्हेंबर 1932 रोजी, गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, आंबेडकरांनी ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अस्पृश्याची दैना त्याच्या सवयींमुळे आहे असं मानलं तर दारूबंदी, व्यायामशाळा, ग्रंथालयं काढून चारदोन माणसं वर आणता येतील, ती त्याच्या भोवतालामुळे आहे असं मानलं तर साऱ्या वर्गासाठी विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं यांवरच्या हक्काची मोहीम गावोगाव काढावी लागेल, तंटे होतील, डोकी फुटतील, त्याला तयार राहावं लागेल. या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, असं त्यांनी पुढे नोंदवलं आहे. अस्पृश्यांना संस्थेच्या कारभारात जागा का नाही, असं विचारल्यावर गांधीजींचं उत्तर होतं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पाप त्यांचं, पैसा त्यांचा, म्हणून काम त्यांनीच करायचं. गांधीजींच्या वेदनेच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रायश्चित्तात अस्पृश्य हा निमित्तमात्र राहिला. मध्यभागी होतं सवर्णाचं मन आणि त्याची शुद्धी. अत्यंत प्रामाणिक सहवेदनासुद्धा सोसणाऱ्याला अशी कडेला सारू शकते, हा तिचा सगळ्यांत मोठा धोका.

आता असं एक उदाहरण, ज्यात आपण महाराष्ट्रीयांनी हे नीट ओळखलं होतं. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि वाटपाच्या सुकडीवर लोक जगले. शहरांतून मदत आली, माणसं धावून गेली. मदत दुष्काळासोबत संपली असती. वि. स. पागे यांच्या चिकाटीनं रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. त्यासाठी लागणारा पैसा कुठून आणला? 1975 च्या कायद्यानं शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि जमेइतकीच भर सरकारनं घालायची असं ठरवलं. आपल्या पगाराच्या पावतीवर पी. टी. म्हणून 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500, ते हेच. दादरच्या बँकेतल्या कारकुनाला जतच्या शेतमजुराबद्दल काय वाटतं, हे त्या कपातीला विचारावं लागत नाही. तो त्या दिवशी आनंदात असो की त्रासलेला, पैसे जातात.

योजनेत हजेरीपटाचे घोळ होते, मजुरी थकायची, पाझर तलाव अर्धवट राहायचे, हे सगळं खरं. पण मजुरी थकली की बायका तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकत होत्या, कारण काम हा आता त्यांचा कायदेशीर हक्क होता. सुकडी मिळाली नाही म्हणून मोर्चा नेता येत नाही, हात जोडावे लागतात. हीच कल्पना पुढे 2005 मध्ये देशाचा कायदा झाली.

यावर एक खरोखर बळकट आक्षेप आहे. कायदा राबवणारीही माणसंच ना? फौजदाराच्या मनात जात असेल तर कायदा काय करणार? 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तिथे लागू होत नाही असं न्यायालयांनी ठरवलं. कायदा होता, पाहणारी नजर तीच होती. हे मी नाकारत नाही. मात्र यावर उपाय म्हणून प्रत्येक फौजदाराचं हृदयपरिवर्तन करायला निघालो तर पिढ्या जातील. या कायद्याची 2015 ची दुरुस्ती दुसऱ्या वाटेनं गेली : तक्रार नोंदवून घेणं, ती वाचून दाखवणं, तिची प्रत देणं, साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करणं ही अधिकाऱ्याची कर्तव्यं तिनं कलम 4 मध्ये एकेक करून लिहून काढली आणि ती जाणूनबुजून टाळणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद कायम ठेवली. हे कलम पुरेसं वापरलं जात नाही, ही तक्रार रास्त आहे आणि त्यासाठी भांडलं पाहिजे. ते भांडण संवेदनशीलता शिबिरात लढता येत नाही.

मग कळवळ्याचं काही कामच नाही का? आहे, आणि मोठं आहे. पुण्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांकडे मान-पाठ धरलेले हमाल यायचे. मलम लावून, गोळ्या देऊन, पैसे न घेता त्यांना परत पाठवणं हा कळवळाच ठरला असता आणि गावानं त्यांना देवमाणूस म्हटलं असतं. त्यांनी पोत्याकडे पाहिलं. शंभर किलोचं पोतं माणसाच्या पाठीवर द्यायचं कुणी ठरवलं? हमाल पंचायत उभी राहिली, हमालीचे दर, तोलाई, पोत्याचं वजन यांवर वर्षानुवर्षं भांडणं झाली, वजन पन्नास किलोवर आणायची मागणी लावून धरली गेली. 1969 चा माथाडी कायदा आला, त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. दुखऱ्या पाठीपासून पोत्याच्या वजनापर्यंत जी नजर गेली, तिलाच मी कामाची संवेदना म्हणेन.

म्हणून आज ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त हळहळ व्यक्त होते, त्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नाला हीच कसोटी लावून पाहावी. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र हादरला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. मग बाहेरून माणसं आली, कॅमेरे आले, बायकांना आपल्या पोटाची कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागली. पुढच्या हंगामात त्याच बायका पुन्हा फडात होत्या.

बाई गर्भाशय काढायला का तयार होते, याचं उत्तर फडात उघड्यावर आहे. पहाटे अंधारात उठून कोयता हाती घ्यायचा, तोडलेला ऊस बांधून मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, रात्री-अपरात्री गाडी भरायची. राहायच्या झोपडीजवळ, कोपीजवळ, संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळीत अंग दुखलं म्हणून बसली तर खाडा, आणि खाड्याचे 500 रुपये किंवा त्याहून जास्त उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, वळते. उचल मुकादमानं नवऱ्याच्या हातात दिलेली, नवरा-बायको मिळून हिशेबात एकच कोयता धरलेला, तिची वेगळी हजेरी कुठेच नाही. ज्या शेतकऱ्याच्या फडात ती राबते तो स्वतः दराच्या आंदोलनात ऊस अडवून बसलेला असतो, त्याची बायको तिला भाकरी-कालवण देते, लहानग्याला जुना स्वेटर देते. कणव तिथेही आहे. खाडा त्या कणवेनं थांबत नाही.

2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती साखर संघ आणि कामगार संघटना समोरासमोर बसल्या तेव्हा, कोयता बंदच्या इशाऱ्यानंतर. तिथे कुणी कुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहत नव्हतं. दोन्हीकडे आकडे होते. तसे आकडे आता आणखी काही बाबींवर मांडायला हवेत. बाईच्या नावानं वेगळी हजेरी आणि वेगळी मजुरी तिच्या बँक खात्यात. उचलीचा करार लेखी, त्यावर तिचीही सही. आजारपण, पाळी, बाळंतपण यांसाठी खाडा लावणाऱ्यावर दंड, आणि तो मुकादमाबरोबर कारखान्यालाही. तळावर पाणी आणि संडास कारखान्याच्या खर्चात, गाळप परवाना देताना ते तपासून. यासाठी टनामागे किती पैसे लागतील आणि ते कारखाना, ऊस उत्पादक सभासद आणि साखर खाणारे आपण यांच्यात कसे वाटायचे, याचा हिशेब साखर आयुक्तालयाला मांडता येईल. फडात जाऊन आलेल्या, तिथून येऊन लेख लिहिलेल्या, भाषणात गहिवरलेल्या प्रत्येकाकडे माझी मागणी आहे की पुढच्या दरकराराच्या वेळी या बाबी त्यात याव्यात म्हणून त्यांनी संघटनांच्या पाठीशी उभं राहावं, आणि साखर किलोमागे काही रुपयांनी महागणार असेल तर ती त्या भावानं घ्यायची आपली तयारी आहे, हे उघडपणे सांगावं.